राळेंत गोठलेलें बालपण

हल्लीं आपल्याकडे एक नवी हौस निघाली आहे. लग्नांत वधूवरांनीं एकमेकांस घातलेले हार दुसऱ्या दिवशीं निर्माल्य होऊं नयेत, म्हणून ते सुकवून पारदर्शक राळेच्या तबकडींत कायमचे बसवून घेतात. तान्ह्या मुलाच्या जावळाची एखादी बट, पहिला पडलेला दुधाचा दांत, हेंहि तसेंच राळेंत जपून ठेवणारीं घरें शहरोशहरीं दिसूं लागलीं आहेत. ही हौस आम्हांस निंद्य वाटत नाहीं. काळाच्या हातून कांहींतरी सोडवून घ्यावें ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. परंतु अशा वस्तु पाहतांना एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपण जपतों तें सारें गोड असतें. रडून रडून झोपीं गेलेल्या मुलाची आठवण कोणी तबकडींत बसवून भिंतीवर लावीत नाहीं. आणि त्या मुलाच्या मनांत मात्र ती आठवण दुधाच्या दांतापेक्षां अधिक काळ टिकते.

याच राळेचा उपयोग करून बालपणाचीं दोन्ही अंगें, हर्ष आणि भय, एका तुकड्यांत गोठवून ठेवणाऱ्या एक शिल्पकर्त्या बाई युरोपांत होऊन गेल्या. त्यांचें नांव अलीना शापोच्निकोव्ह. आपल्याकडे हें नांव फारसें कोणास परिचित नाहीं. त्यांच्या कामाची ओळख वाचकांस करून द्यावी, आणि त्या निमित्तानें आपल्या घरांतल्या मुलांच्या मनाकडेहि थोडें पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

अलीनाबाईंचा जन्म १६ मे १९२६ रोजीं पोलंडमधील कालिश या गांवीं एका सुशिक्षित ज्यू कुटुंबांत झाला. वडील दंतवैद्य होते व आई बालरोगांची डॉक्टर होती. कुटुंबाचें बिऱ्हाड पुढें पाब्यानित्से या गांवीं होतें. कापडाच्या गिरण्यांकरितां प्रसिद्ध असलेलें वूच शहर तेथून जवळच आहे. युद्ध सुरू होण्यापूर्वींच वडील वारले. सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मन सैन्यानें पोलंडवर स्वारी केली, तेव्हां अलीना तेरा वर्षांची होती. प्रथम पाब्यानित्से येथील, व १९४२ पासून वूच येथील ज्यूंच्या कोंडवाड्यांत मायलेकींस राहावें लागलें. तेथून ऑशविट्झ, तेथून बेर्गेन-बेल्झेन, आणि शेवटीं बोहेमियांतील तेरेझीन, असा या मुलीचा प्रवास झाला. या काळांत आईच्या सोबतीनें तिनें आजाऱ्यांच्या शुश्रूषेचें काम केलें. आपल्या घरांतील मुली ज्या वयांत परीक्षा आणि मैत्रिणी यांत रमलेल्या असतात, त्या वयांत ही मुलगी मरणोन्मुख माणसांच्या उशाशीं बसत होती. १९४५ सालीं सुटका झाली तेव्हां तिला एकोणीस वर्षें पुरीं होत होतीं.

पोलंडच्या या पिढीशीं महाराष्ट्राचाहि एक संबंध आहे. ज्या वर्षांत अलीना जर्मनांच्या तावडींत होती, त्याच वर्षांत पूर्व पोलंडमधील हजारों मुलें रशियांत हद्दपार झालेलीं होतीं. त्यांपैकीं कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचलीं; आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, तींत बहुतेक बायका व मुलेंच होतीं. कोल्हापूरकरांनीं त्या मुलांस शाळेंत जातांना पाहिलें, खेळतांना पाहिलें. पण त्या खेळण्याखालीं काय दडलें आहे, हें बाहेरून पाहणारास कसें दिसावें? मूल हंसतें म्हणजे तें विसरलें, असें आपण मानतों. अलीनाबाईंचें सारें उत्तरायुष्य या समजुतीस उत्तर देण्यांत गेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

युद्धानंतर त्या प्रागला राहिल्या व तेथें मूर्तिकला शिकल्या. पुढें पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या प्रसिद्ध कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. तेथें १९४९ च्या सुमारास पोटाच्या क्षयानें त्यांस गांठलें. त्यांतून त्या वांचल्या. परंतु स्वतःचें मूल होण्याची आशा त्या दुखण्यानें नाहींशी झाली. १९५१ सालीं त्या पोलंडला परतल्या. १९५२ मध्यें रिशार्द स्तानिस्वाव्स्की या कलासमीक्षकाशीं त्यांचा विवाह झाला व त्याच वर्षीं त्यांनीं एक मुलगा दत्तक घेतला. आईचा व्यवसाय परक्यांचीं मुलें बरीं करण्याचा. लेकीनें परक्याचें मूल आपलें म्हणून वाढविलें. छावण्यांतील दिवसांविषयीं मात्र त्या सहसा बोलत नसत. त्या मौनाला वाचा फुटली ती हातांतून.

१९५६ सालीं त्यांनीं वयांत येणाऱ्या एका मुलीची उभी मूर्ति घडविली व तिला ‘अवघड वय’ असें नांव दिलें. आपल्याकडेहि त्या वयास आपण जवळजवळ हेंच नांव देतों आणि मुलीच्या फणकाऱ्याकडे हंसून दुर्लक्ष करतों. पण ज्या स्त्रीनें ही मूर्ति केली तिचें स्वतःचें तें वय कांटेरी तारांच्या आंत गेलें होतें, हें कळलें म्हणजे त्या साध्या नांवाचें वजन बदलतें. पुढें १९६२ मध्यें त्यांनीं स्वतःच्या पायाचा प्लॅस्टरमध्यें ठसा घेतला. त्याच वर्षीं व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनांत पोलंडच्या दालनांत त्यांचें काम मांडलें गेलें. आतां मातींतून कल्पनेचा देह घडविण्यापेक्षां प्रत्यक्ष देहाचाच ठसा घ्यावा, हा विचार त्यांच्या मनांत पक्का होत होता. १९६३ सालीं त्या पॅरिसला कायमच्या राहावयास गेल्या, आणि तेथें त्यांच्या हातीं आली ती राळ.

राळ म्हटली कीं आपणांस राळेचें मलम आठवतें, किंवा चांदीच्या पत्र्यावर ठोक्याचें नक्षीकाम करतांना कारागीर पत्र्याखालीं राळ भरतो तें आठवतें. ही झाडापासून मिळणारी राळ ऊब लागली कीं मऊ होते व थंड झाली कीं पुन्हां घट्ट होते. लाखेचेंहि तसेंच. पोलंडचा समुद्रकिनारा तर अशाच एका पुराण्या राळेकरितां प्राचीन काळापासून विख्यात आहे. सुमारें ४ कोटी वर्षांपूर्वींच्या अरण्यांतील वृक्षांची राळ जमिनींत दडपली जाऊन तिचा तृणमणि बनला. बाल्टिक समुद्राच्या कांठीं तो अद्याप सांपडतो. आणि कधीं कधीं त्याच्या पोटांत त्या काळचा एखादा किडा, पंख पसरलेल्या स्थितींत, जसाच्या तसा दिसतो.

अलीनाबाईंनीं वापरली ती राळ मात्र कारखान्यांत तयार होणारी, पॉलिएस्टरची. ती मूळची पातळ व उग्र वासाची असते. तींत दुसरें एक द्रव्य मिसळलें कीं ती आपल्याच आंतल्या उष्णतेनें तापूं लागते आणि पाहतां पाहतां दगडासारखी घट्ट होते. तींत रंग घालतां येतो, कापड, कागद किंवा छायाचित्र बुडवितां येतें. पातळ थर दिला तर त्यांतून उजेडहि आरपार जातो. परंतु लाखेसारखी ती पुन्हां वितळत नाहीं. एकदां जो आकार धरला तो धरला. वर्षानुवर्षें उजेड लागला म्हणजे ती पिंवळी पडते, ठिसूळ होते, पण मागें फिरत नाहीं. बालमनावर उमटलेल्या ठशाला याहून योग्य द्रव्य शोधूनहि सांपडलें नसतें.

आरंभींचीं त्यांचीं राळेचीं कामें पाहणारास मौज वाटेल. १९६६ सालीं त्यांनीं ओंठांचे ठसे रंगीत राळेंत ओतून त्यांचे दिवे बनविले. उभ्या देठावर फुलासारखे ओंठ. आंतला विजेचा दिवा लागला कीं ते आंतून उजळतात. १९७०-७१ मध्यें देहाच्या अवयवांचे असेच ठसे कांचेच्या पेल्यांत व ताटल्यांत मांडून त्यांनीं त्यांस ‘मिष्टान्न’ म्हटलें. १९७१ मधील त्यांचा एक खेळ तर अगदींच पोरकट वाटण्याजोगा आहे. च्युइंग गम चघळून तोंडांतून काढावा, दांतांनीं व जिभेनें त्याला जो आकार आला असेल तसाच तो मांडावा, आणि त्याचें छायाचित्र घ्यावें! त्यांचे दुसरे पति, रोमान चेश्लेविच, यांनीं तीं छायाचित्रें काढलीं. कोणत्याहि घरांतील आईनें ज्यासाठीं मुलाला दटावलें असतें, तेंच या बाईंनीं मूर्तिकला म्हणून जगापुढें ठेवलें. आपल्या वस्तूंना त्या स्वतःच ‘ओबडधोबड’ म्हणत. ज्या मुलीस खेळण्याच्या वयांत खेळावयास मिळालें नाहीं, ती चाळिशी उलटल्यावर खेळत होती, असें कोणी म्हटलें तर आम्ही त्यास अतिशयोक्ति म्हणणार नाहीं.

पण खेळ फार दिवस टिकावयाचा नव्हता. १९६९ च्या सुमारास त्यांस स्तनाचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. यानंतरच्या त्यांच्या कामांस त्यांनीं उघडपणें ‘गांठी’ असें नांव दिलें. जखमेवर बांधण्याची जाळीदार पट्टी, चुरगळलेलीं वर्तमानपत्रें, छायाचित्रें, हें सर्व राळेंत माखून केलेले ते ओबडधोबड गोळे आहेत. १९७० सालच्या एका कृतीस तर त्यांनीं ‘अलीनाची अंत्ययात्रा’ असेंच म्हटलें, व तींतहि छायाचित्रें बसविलीं. मरण समोर दिसूं लागलें, आणि इतकीं वर्षें मिटून ठेवलेली पेटी उघडली. तिच्या तळाशीं होतें बालपण.

१९७० व १९७१ या वर्षांत त्यांनीं ‘स्मृतिचिन्हें’ या नांवानें राळेचीं कामें केलीं. त्यांपैकीं १९७१ मधील ‘स्मृतिचिन्ह पहिलें’ या कृतीमुळें आम्हांस हा लेख लिहावासा वाटला. राळेच्या एका वेड्यावांकड्या लादींत दोन छायाचित्रें बुडविलेलीं आहेत. एक आहे अलीनेचें स्वतःचें, लहानपणचें. त्यांत ती हंसत आहे. दुसरें आहे छळछावणींत मरून पडलेल्या एका व्यक्तीचें. दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं चौकटींत लावलेलीं नाहींत. तीं एकमेकांत मिसळलीं आहेत, आणि वरून राळेचा थर चढल्यामुळें आतां कोणासहि तीं वेगळीं काढतां येणार नाहींत.

एवढेंच ऐकून कोणी म्हणेल, यांत नवें तें काय? सुखानंतर दुःख येतें हें कोणाला ठाऊक नाहीं? पण ही कृति ‘आधीं सुख, मग दुःख’ असा क्रम सांगत नाहीं. ज्या दिवशीं तें छायाचित्र काढलें, त्या दिवशीं त्या पोरीच्या हंसण्यांत कसलेंहि वैगुण्य नव्हतें. तिला पुढचें कांहींच ठाऊक नव्हतें. परंतु चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला तें हंसूं आतां एकटें आठवतां येत नाहीं. आठवूं गेलें कीं त्याच्यामागून तें प्रेत येतें. पुढें आलेलें दुःख मागें जाऊन पूर्वींच्या सुखांत मुरतें. आणि याच्या उलटहि खरें आहे. प्रेताच्या शेजारीं असूनहि ती मुलगी हंसावयाची थांबलेली नाहीं. राळेनें तिचें हंसूं मिटविलें नाहीं, जपलें. बाईंना स्वतःचें बालपण नासलें आहे असें सांगावयाचें असतें, तर तें छायाचित्र त्यांनीं फाडलें असतें. गोडच आठवण ठेवावयाची असती, तर दुसरें छायाचित्र तेथें आणलें नसतें. दोन्ही ठेवण्यास जें धैर्य लागतें तें या लादींत आहे.

शेवटच्या दोन वर्षांत त्या आपल्या मुलाकडे वळल्या. १९७१-७२ मध्यें त्यांनीं ‘वनस्पतिसंग्रह’ नांवाची एक माला केली. विद्यार्थी पानेंफुलें दाबून सुकवून वहींत लावतात. त्याप्रमाणें स्वतःच्या व मुलाच्या देहाचे राळेंतील ठसे चपटे करून त्यांनीं मांडले. १९७२ मध्यें तरुण झालेल्या त्या मुलाच्या सबंध देहाचा ठसा त्यांनीं राळेंत घेतला व त्यास त्याचेंच नांव, ‘प्योत्र’, दिलें. रोगी, थकलेली आई मुलाच्या अंगावर हात फिरवून त्याचा आकार साठवून ठेवीत आहे, यांत मृत्यूची भीति अधिक कीं माया अधिक, हें ठरवितां येत नाहीं. कोणतीहि आई आजारी मुलाच्या अंगावरून हात फिरविते तेव्हां तरी तें कोठें ठरवितां येतें! २ मार्च १९७३ रोजीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, फ्रान्समध्यें अलीनाबाई निवर्तल्या. पोलंडबाहेर त्यांची खरी योग्यता कळावयास पुढें बराच काळ जावा लागला. २०१२-१३ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत त्यांच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां त्यांस जाऊन जवळजवळ चाळीस वर्षें झालीं होतीं.

अशीं कामें अमंगल आहेत, घरांत ठेवण्याजोगीं नाहींत, असा आक्षेप येईल हें आम्ही जाणतों. तीं घरांत ठेवावींत असें आमचें म्हणणेंहि नाहीं. देव्हाऱ्याची जागा वेगळी व संग्रहालयाची वेगळी. कलावंताच्या चरित्रावरून त्याच्या प्रत्येक कृतीचा अर्थ लावूं नये, हेंहि आम्हांस मान्य आहे. ओंठांचा दिवा हा कधीं कधीं केवळ एक सुंदर दिवाच असतो. परंतु ‘स्मृतिचिन्हां’त बाईंनीं स्वतःच्याच हातानें आपलें बालपण आणून ठेवलें आहे. तेथें डोळे मिटणें हा शिष्टाचार नव्हे.

आणि तें पाहिल्यावर आपल्या घरांकडे नजर वळल्यावांचून राहत नाहीं. छावणीच्या यातनांशीं आपल्या घरगुती दुःखांची तुलना करणें हा अविवेक होईल. तसें आम्हांस करावयाचें नाहीं. पण मुलाचें मन दुःख कसें सांठवितें, हा प्रश्न सर्वत्र एकच आहे. भरल्या घरांत कोणी गेलें कीं मुलांना शेजारीं खेळावयास पाठविण्याची आपली जुनी रीत आहे. ‘आजोबा देवाघरीं गेले’ एवढें सांगितलें कीं आपलें कर्तव्य संपतें. मूल खेळतें, खातें, हंसतें, आणि आपण निश्चिंत होतों. पण शेजारच्या ओटीवरून त्यानें कोणाचें रडणें ऐकलें, कोणती खोली बंद पाहिली, त्या दिवशीं आपणांस कोणीच जवळ घेतलें नाहीं हें त्याला कसें वाटलें, हें कोणी विचारीत नाहीं. राळ त्या वेळीं पातळ असते. त्या घडीला एखादा हात पाठीवरून फिरला, एखादा खरा शब्द कानावर पडला, तर तोहि त्या ठशांत उमटतो. घट्ट झाल्यावर मग कितीहि समजूत घातली तरी आकार बदलत नाहीं. फार तर त्याच्याशीं ओळख करून घेतां येते.

अशी ओळख करून घेण्याचें राहून गेलेलें बालपण आपल्याच घरांत शोधावयाचें असेल तर फार दूर जावें लागणार नाहीं. आमच्या समाजांतील पुष्कळ जुन्या घरांत मुंजीचा किंवा लग्नाचा एखादा पिंवळा पडलेला फोटो असतो. मध्यें बटु, भोंवतीं काका, मामा, आत्या, मावश्या. कडेला, अर्धवट सावलींत, आलवणांतील एखादी बाई उभी दिसते. पुष्कळ फोटोंत तर तिला उभी राहूंच दिलेलें नसतें. ती कोण, म्हणून मुलांनीं विचारलें तर ‘लहानपणींच विधवा झालेली आत्या’ एवढेंच उत्तर मिळतें, आणि पान उलटलें जातें. नऊ-दहा वर्षांची ती पोर काल सागरगोटे खेळत होती व आज तिचे केस उतरविले, तेव्हां तिला काय वाटलें असेल? पुढें तिनें सबंध घराचीं मुलें वाढविलीं, अंगाईगीतें म्हटलीं, सणावारीं पुरणाच्या पोळ्या लाटल्या, विनोदहि केले. तिचें तें हंसूं खोटें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तें हंसूं खरें होतें, आणि त्याच्याशीं मिसळून गेलेलें तें दुसरें चित्रहि खरें होतें. तिच्याजवळ राळ नव्हती, आणि विचारणारें कोणी नव्हतें, इतकेंच.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे ती लहानशीच आहे. मुलांच्या गोड आठवणी अवश्य जपाव्यात. दांत, जावळ, हार, सारें राळेंत बसवावें. पण घरांत दुःखाचा प्रसंग आला तर मुलांना त्यांच्या वयास पेलेल इतकें खरें सांगावें, आणि त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाला पाठ फिरवूं नये. घरांतील वडीलधारीं माणसें अद्याप हयात आहेत तोंवर त्यांनाहि त्यांच्या लहानपणाविषयीं विचारावें. केवळ आंब्याच्या राशींविषयीं व नदीवरच्या पोहण्याविषयीं नव्हे, तर भीतीविषयीं आणि रडण्याविषयींहि. आणि येत्या सुटींत सारीं जमलीं असतां जुना आल्बम खालीं काढला, तर कडेला उभ्या असलेल्या त्या आत्याचें नांव विचारून घ्यावें, तिच्याविषयीं कोणास जें ठाऊक असेल तें ऐकावें, आणि फोटोच्या मागें लिहून ठेवावें.